शेवटच्या दृश्यातलं बोट

१

नवनाथचा तेरावा होता. पंगती उठल्या, भांडी घासायला गेली आणि रंगरावांनी नवनाथचं लोखंडी कपाट उघडून आतल्या वह्या मोजल्या. अकरा भरल्या. पुन्हा मोजल्या तरी अकराच. बारावी वही जागेवर नव्हती.

तसं बघितलं तर वहीच ती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, रहाटणीतल्या कुठल्याही दुकानात मिळणारी. पण त्या वह्यांत नवनाथची सव्वीस वर्षांची मतं होती. घरगुती, रडके, देवाधर्माचे पिक्चर त्याला वर्ज्य. त्याला आवडायचे देखणे गुन्हे. काळे कोट, ओले चकाकते रस्ते, एकाच लिफ्टमध्ये निमूट उभे असलेले दोन वैरी, फुलांच्या गुच्छातून निघणारं पिस्तूल. प्रत्येक पिक्चरला एक पान, आणि पानाच्या तळाशी कंपनीतल्या तपासणीच्या कागदावर करतात तशी खूण. पास असेल तर हिरव्या पेनाने, नापास असेल तर लाल.

कारण नवनाथ आणि रंगराव दोघंही हाडाचे इन्स्पेक्टर. पोलिसांतले नव्हेत, चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासणारे. बत्तीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी होती. रंगराव दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, नवनाथचे सहा महिने उरले होते. रंगराव कामात भलते कडक. ज्योतीराम नावाच्या जुन्या सोबत्याला चष्मा लावूनही बारीक चीर दिसेना, तेव्हा रंगरावांनी स्वतः साहेबांना सांगून त्याला टेबलावरून उठवलं होतं. पुढची चार वर्षं ज्योतीराम गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसला. ‘मैत्री गेटच्या बाहेर’ हे रंगरावांचं वाक्य तेव्हापासून कंपनीत म्हणीसारखं वापरलं जाई.

आणि गेटच्या बाहेरची मैत्री मात्र तशीच घट्ट होती. गुरुवारी चाकणच्या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याला सुट्टी. बाकीचं जग कामाला जुंपलेलं असताना हे दोघं आणि आणखी चार टाळकी दुपारचा खेळ बघत, मग टपरीवर चहा पीत भांडत. रंगरावांचं म्हणणं, गुन्हा सुबक पाहिजे, इस्त्री मोडता कामा नये. नवनाथ म्हणे, खुन्याच्या बुटाला चिखल लागलाच पाहिजे, नाहीतर तो पिक्चर नव्हे, कापडाची जाहिरात. गेलं वर्षभर नवनाथ बायकोलाही आणायला लागला होता. काळोखात रुक्मिणीबाई त्याच्या कानाला लागून कुजबुजत असायच्या, पुढच्या रांगेतले लोक शूऽ करायचे, आणि मंडळी चहावर म्हणायची, नवनाथला उतारवयात पालवी फुटली. तो लाजून हसायचा.

मग ते भांडण झालं. पिक्चरचं नाव आता रंगरावांना घेववत नव्हतं. शेवटच्या दृश्यात गोळी लागलेला मारेकरी हॉटेलच्या खोलीत खिडकीपाशी पडलेला असतो, पांढरा पडदा वाऱ्यावर हलत असतो, आणि खेळ संपतो. नवनाथ म्हणाला, तो मेला, आणि सुखाने मेला. रंगराव म्हणाले, छट्, बोट हललं त्याचं, जिवंत आहे तो. नवनाथ हटेना. तेव्हा रंगराव सहा माणसांसमोर म्हणाले, “नवनाथ, पिक्चर बघायला डोळे लागतात. तुझे कुठं गहाण टाकलेस?”

सगळे हसले. नवनाथ हसला नाही. त्याने हातातला कप खाली ठेवला, बायकोचा हात धरला आणि चालायला लागला. त्यानंतरच्या तीन गुरुवारी तो आला नाही. रंगरावांनीही फोन केला नाही. म्हटलं, येईल आपणहून. चौथ्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता दिघीच्या रस्त्यावर, रंगरावांच्या घरापासून दोनशे पावलांवर, नवनाथ कंटेनरखाली आला.

गर्दी बघून रंगराव धावले होते. सगळ्यात आधी त्यांना दिसला तो नवनाथचा उजवा हात. अंगठ्याला तीन चिकटपट्ट्या होत्या. बाकीचं त्यांना आठवायचं नव्हतं. ड्रायव्हर रडत एकच सांगत होता, “तो थांबला, माझ्याकडं वळला आणि पुढं आला हो. सरळ पुढं आला.”

मग कुजबुज सुरू झाली. धडधाकट माणूस, लख्ख उजेड, तीस वर्षं पायाखालचा रस्ता. तेराव्याच्या पंगतीतही कुणीतरी हळूच बोललंच, “भांडण झालं होतं म्हणे मित्राशी.”

आपल्या एका वाक्याने नवनाथने जीव दिला का? रंगरावांना बाकी काही कळून घ्यायचं नव्हतं. चार गुरुवारांत नवनाथने काही लिहिलं असेल तर ते बाराव्या वहीत. आणि तीच वही कुणीतरी उचलली होती.

२

पहिला संशय पोरावर. दिग्विजय, नवनाथचा एकुलता एक. मोबाईलवर पिक्चरची परीक्षणं करणारे व्हिडिओ टाकतो, काळा शर्ट घालतो आणि बोलताना भुवया उडवतो. बापाच्या वह्या त्याच्या धंद्याला सोन्याची खाण.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगरावांनी त्याला इमारतीच्या गच्चीवर गाठलं. तो टाकीच्या सावलीत बसला होता. भुवया आज जागेवर होत्या.

“वही तू घेतलीस का रे?”

“काका, विचारताय कुणाला? बाबा तुमच्याच गल्लीपाशी गेले ना? मग तुम्हीच सांगा मला, ते कशाला आले होते तिथं?”

ते खाली सिमेंटवर बसले. थोड्या वेळाने पोराचा आवाज उतरला.

“मागितली होती मी वही. डिसेंबरात. म्हटलं, बाबा, तुमची मतं मी वाचून दाखवतो, लोक वेडे होतील. तर म्हणाले, आईला विचार. आता पिक्चरच्या वहीचं आईला काय विचारायचं? आईला विचारलं तर ती म्हणाली, न्हाई. विषय संपला.”

“मग?”

“मग मी त्यांचं बोलणंच रेकॉर्ड केलं एकदा. पण खरं सांगू का काका, टाकलं नाही कुठं. बाबांची धार गेली होती हो. ऐका.”

त्याने मोबाईल पुढे केला. नवनाथचा आवाज आला.

“त्या इन्स्पेक्टरच्या बायकोनं तीनदा कुकर लावला,” नवनाथ सांगत होता, “आन् तिन्ही वेळेला शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद केला. मी तवाच वळखलं, ही बाई घर सोडणार. आन् खुनी कोण ते तर पहिल्या पाच मिनिटांत कळतंय की. जिन्यावर एक पाऊल जड, एक हलकं. लंगडतोय गडी. पुढं सगळे कोट घालून ऐटीत उभे राहतेत, पर जिना चढताना सापडतोय.”

दिग्विजयने मोबाईल बंद केला. “बघा. फ्रेम नाही, लाईट नाही, रंग नाही. सावली खोटी पडली तर पिक्चर फाडून टाकणारा माणूस, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलाय. म्हातारे झाले होते बाबा.”

तो पिक्चर त्यांनीही बघितला होता, नवनाथच्या शेजारी बसून. खुनी लंगडतो हे त्यांना अगदी शेवटी कळलं होतं, पडद्यावर दाखवलं तेव्हा. आणि कुकर? त्या पिक्चरमध्ये कुकर होता हेच त्यांना आठवत नव्हतं.

“वही मी घेतली नाही, काका,” दिग्विजय उठताना म्हणाला. “पण कंपनीतला बाळू दोनदा घरी येऊन गेला. बाबांचं काही लिहिलेलं सापडलं का, असं विचारत होता. त्याला कशाला हवंय?”

३

बाळू महाळुंग्याचा. आजोबांच्या भुईमुगाच्या शेतावर आता कंपनीची पार्किंग आहे आणि बाळू त्याच कंपनीत, नवनाथच्या शेजारच्या टेबलावर. म्हणजे रंगरावांच्याच जुन्या टेबलावर. पहिली शिफ्ट सुटल्यावर तो गेटसमोरच्या टपरीवर आला, रंगरावांना बघून दचकला आणि मग उगाचच मोठ्याने हसला.

“तात्या! या, या. दोन कटिंग सांगतो.”

“बाळू, नवनाथच्या घरी काय शोधत होतास?”

बाळूचं हसू मावळलं. त्याने इकडे तिकडे बघितलं.

“न्हाई ओ तात्या. आमी सहज गेलतो.”

“दोनदा?”

चहा आला. बाळूने कप धरला, पण प्यायला नाही. रंगरावांनी त्याला घाई केली नाही. तपासायचा तुकडा हातात धरून गप्प बसलं की दोष आपणहून दिसतो, हे त्यांचंच तत्त्व होतं.

“नवनाथभाऊंचे कागद मी भरायचो,” बाळू शेवटी म्हणाला. “वरीसभर. तुकडा ते तपासायचे, मापं बोलायचे, मी लिवायचो. सही तेवढी त्यांची. म्हणायचे, हात थरथरतोय, अक्षर बिघडलंय. वहीत कुटं माजं नाव आलं आसंल तर उद्या साहेब मला इचारंल, दुसऱ्याचा कागद तू कसा भरलास. म्हनून गेलतो. लेकरं हायेत, तात्या.”

“आणि तपासणी? चुका व्हायच्या?”

“चुका?” बाळू एकदम ताठ झाला. “एक तुकडा परत आला न्हाई वरीसभरात. एक! साहेबानं टाळ्या वाजवल्या त्यांच्यासाठी. फक्त हातमोज्यावरनं बोलणी खायचे. उजव्या हातातला काढून ठिवायचे. कितीदा सांगितलं, भाऊ, पत्र्याची धार लागंल. लागायचीच. अंगठा बगितला का तुमी त्यांचा? चाळणी झालती नुसती.”

रंगरावांनी हातातला कप खाली ठेवला. चिकटपट्ट्या. तीन.

नव्या माणसाला टेबलावर बसवलं की पहिल्या दिवशी एकच धडा देतात. आधी डोळा, मग बोट. कडेला धार राहिली असेल तर ती डोळ्याने हेरायची, आणि शंका आली तरच अंगठा फिरवायचा, तोही जपून. हा धडा नवनाथनेच शेकडो पोरांना दिलेला. बत्तीस वर्षांत त्याचा अंगठा कापलेला रंगरावांनी एकदाही बघितला नव्हता. आणि शेवटच्या वर्षी चाळणी?

“अजून एक सांगू का तात्या,” बाळू खाली बघत म्हणाला. “भाऊ गेले त्याच्या आदल्या राती त्यांचा फोन आलता, लई खुशीत व्हते. मला म्हनले, उद्या रंग्याकडं जातोय, हरायला. मी म्हनलं, हरायला कोन जातं का? तर म्हनले, तुला न्हाई कळायचं.”

मरायला निघालेला माणूस आदल्या दिवशी खुशीत असतो का? रंगरावांनी बघितलेल्या देखण्या पिक्चरमध्ये असतो. तिथे माणसं आरशात टाय नीट करून, शीळ घालत मरायला निघतात. इतकी वर्षं ते बघून रंगरावांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज त्यांना त्या टाळ्यांची शिसारी आली.

४

अकरा वह्या त्यांनी दिग्विजयकडून मागून आणल्या होत्या. दिघीच्या घरी, एकट्याच्या संसारात, जेवणाच्या टेबलावर त्या मांडल्या आणि सकाळपासून एकेक वाचत बसले.

पहिल्या दहा वह्या म्हणजे तो जुना नवनाथ. ‘खलनायकाच्या टोपीची सावली डावीकडे, दिवाही डावीकडे. नापास.’ ‘लाल साडीवरचं रक्त दिसत नाही म्हणून दिग्दर्शकाने तिला पांढरी नेसवली. बाईला कुणी विचारलं का? तरीही पास.’ वाचता वाचता रंगराव दोनदा हसले आणि दोन्ही वेळा हसणं मध्येच तुटलं. समोरच्या खुर्चीवर भांडायला कुणी नव्हतं.

अकरावी वही निम्म्यापर्यंत ठीक होती. मग अक्षर वाढायला लागलं. एका ओळीतला शब्द दोन ओळींत, मग तीन ओळींत. काही ओळी एकमेकींवर चढलेल्या. हात थरथरणाऱ्याचं अक्षर वेडंवाकडं होतं, हे रंगरावांना ठाऊक होतं. हे वेडंवाकडं नव्हतं. रेघ चांगली ठाम होती, फक्त तिला कागदावरची जागा सापडत नव्हती.

आणि शेवटच्या भरलेल्या पानावर त्यांची नजर खिळली. ‘दहा वर्षांत असा पिक्चर झाला नाही. एकदम पास.’ पानभर कौतुक. आणि तळाशी लालभडक खूण.

इन्स्पेक्टर काहीही विसरेल. बायकोचा वाढदिवस, पोराची इयत्ता, गॅसचा नंबर. लाल आणि हिरव्यात तो चुकत नाही. लाल खूण म्हणजे माल भंगारात, ही सवय झोपेतही सुटत नाही. नवनाथने ठरवून लाल खूण केली नव्हती. आपल्या हातात कुठलं पेन आहे, हे त्याला कळलं नव्हतं.

रंगरावांनी वही मिटली. मग सगळं आपोआप जुळत गेलं. बोटाने तपासलेले तुकडे. बाळूने भरलेले कागद. जिन्यावरची पावलं आणि कुकर. कानाशी कुजबुजणारी बायको, आणि पोराने मागितलेली वही आईच्या ताब्यात. धार गेली नव्हती नवनाथची. आम्ही डोळेवाले पडद्यावरचे कोट बघत होतो, आणि तो बाकीचं सगळं ऐकत होता.

आणि त्या माणसाला आपण चारचौघांत विचारलं, तुझे डोळे कुठे गहाण टाकलेस.

रंगराव टेबलावर डोकं टेकून रडले. बासष्ट वर्षांचा माणूस, आवाज न करता रडायचं विसरून गेला होता. शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, काका, बरं आहे ना?

५

“वहिनी,” दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव म्हणाले, “त्याला दिसत नव्हतं ना?”

रुक्मिणीबाई तांदूळ निवडत होत्या. धाराशिवकडच्या, सातवी शिकलेल्या, आयुष्यात कुणाला वरच्या आवाजात न बोललेल्या. त्यांचा हात ताटात थांबला. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि पिठाच्या डब्याखालून वही काढून आणली.

“तुमाला कळणार, मला ठावं होतं, भावजी,” त्या म्हणाल्या. “ते म्हणायचे, रंग्यापासून काय लपत न्हाई.”

वहीत अक्षर बाईमाणसाचं होतं. गोल, सावकाश, शाळेतल्यासारखं. मतं नवनाथची, हात रुक्मिणीबाईंचा.

“काचबिंदू म्हणाले डॉक्टर. आधी कडंचं गेलं, मग आत आत सरकत आलं. शेवटी नळीतून बघावं तेवढं उरलं होतं, तेबी धुरकट. गेलेलं परत येत न्हाई म्हणाले. कंपनीत कळलं तर टेबलावरून उठवतील, ह्याचंच त्यांना लई वाईट वाटायचं. म्हणायचे, सहा महिने राहिलेत, तेवढे इन्स्पेक्टर म्हणून काढू दे. गेटवर नंबर लिहित बसायचं न्हाई मला.”

ज्योतीराम. रंगरावांनी मान खाली घातली.

“म्हणून मला सांगितलं नाही.”

“शप्पथ घातली होती मला. म्हणायचे, रंग्या माझा जीव हाय, पर तो आधी इन्स्पेक्टर हाय.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “मग मीच सांगत बसायची अंधारात. आता तो आला, आता त्यानं कोट काढला, आता ती बाई रडायली. मला काय कळतंय त्या पिक्चरमधलं? जे दिसंल ते सांगायची. त्यांना तेच आवडायला लागलं. म्हणायचे, रुक्मिणे, तीस वरीस मी ह्या बायका बघितल्याच नव्हत्या.”

“आणि ते शेवटचं दृश्य?”

रुक्मिणीबाईंनी तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. बाहेर कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं.

“मी सांगितलं, मेला. मला तसंच दिसलं. मग तुमी तसं बोललाव, आन् ते घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजले. मला वाटलं, मीच बघण्यात चुकले. माझ्यापायी त्यांची शोभा झाली. तीन गुरुवार गेले, कुठं जाईनात, कुणाशी बोलंनात. शेवटी बुधवारी मी म्हणाले, मी जाऊन पुन्हा बघून येते. गेले टॉकीजपाशी. पर एकटीला आत जायचं धाडस हुईना. बाहेर बाकड्यावर बसून राहिले खेळ सुटोस्तर, आन् घरी येऊन सांगितलं, भावजीचं खरं होतं. बोट हललं.”

“खोटं सांगितलंत.”

“खोटंच. म्हटलं, दोघं बोलायला तर लागतील. कोण जिकलं, कोण हारलं, त्याला काय करायचंय?” आता त्यांचा आवाज फुटला. “भावजी, इतके हसले ते! म्हणाले, चला, हरलो एकदाचा. उद्याच जातो. मी म्हणाले, मी हात धरून येते. तर म्हणाले, बायकोचा हात धरून गेलो तर त्याच्या ध्यानात येईल. बसमधून उतरलं की सरळ रस्ता हाय, तीस वरीस चाललोय. मी धाडलं त्यांना. खोटं बोलून मी धाडलं.”

रंगरावांच्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला. दोन बाजूंनी वाजणारे हॉर्न. कानावर वाट काढणारा माणूस थांबतो, आवाजाच्या दिशेने वळतो, अंदाज घेतो आणि चुकीच्या बाजूला पाऊल टाकतो. ड्रायव्हर खरं तेच सांगत होता. नवनाथने जीव दिला नव्हता. तो हसत हसत हरायला निघाला होता, आणि हात धरायला त्याने कुणाला घेतलं नव्हतं, कारण वाटेच्या टोकाला रंगराव नावाचा इन्स्पेक्टर उभा होता.

पंधरवडाभर ज्या उत्तरासाठी जीव टांगणीला लागला होता, ते मिळालं. सुटका मात्र झाली नाही.

वहीचं शेवटचं पान त्यांनी वाचलं. ‘रुक्मिणीने पुन्हा जाऊन बघितलं. बोट हललं. म्हणजे तो जगला. रंग्या बरोबर, मी चूक. उद्या जाऊन सांगतो. चहा त्याच्याकडून.’ तळाशी खूण नव्हती. ती बहुतेक तो रंगरावांसमोर करणार होता.

“हे पान कुणी वाचू नये म्हणून वही लपवली,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “ते खोटं हाय. माझं. आन् बोट खरंच हललं का न्हाई, ते अजून मला ठावं न्हाई.”

६

दोन आठवड्यांनी तो पिक्चर मोबाईलवर आला. गुरुवार बघून रंगराव रहाटणीला गेले. दिग्विजयने मोबाईल टीव्हीला जोडला आणि दार लावून घेतलं. आईने त्याला सगळं सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्याने एकही व्हिडिओ टाकला नव्हता.

सगळा पिक्चर कुणालाच बघायचा नव्हता. दिग्विजयने शेवट लावला. हॉटेलची खोली. खिडकी. गालिच्यावर पडलेला काळा कोट, बाहीतून बाहेर आलेला गोरा हात. वाऱ्यावर हलणारा पांढरा पडदा. मागे एकच वाद्य वाजतं आणि तेही थांबतं. किती देखणं मरण! रंगरावांनी खरं मरण रस्त्यावर बघितलं होतं. तिथे वाद्य नव्हतं, आणि चप्पल एकच सापडली होती.

“थांबव,” ते म्हणाले. “मागं घे. अगदी सावकाश लाव.”

तीनदा बघितलं. चौथ्यांदा ते उठून टीव्हीपाशी गेले आणि चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघितलं. पडदा हलत होता. त्याची सावली गालिच्यावरून सरकत येत होती, हातावरून जात होती, आणि करंगळीवरून जाताना क्षणभर करंगळी उचलल्यासारखी भासत होती. बोट जागच्या जागी होतं. हलली ती सावली.

चकाकी पडली की कोऱ्या पत्र्यावरही चीर दिसते. नव्या पोरांची ही नेहमीची चूक. म्हणून तुकडा फिरवून बघायचा, दुसऱ्या उजेडात धरायचा आणि मगच बोलायचं, हे रंगराव बत्तीस वर्षं शिकवत आले होते. त्या दिवशी टपरीवर त्यांनी तुकडा फिरवला नव्हता.

रुक्मिणीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बघत नव्हत्या. त्यांची नजर रंगरावांच्या तोंडाकडे होती.

बोट हललं असं म्हटलं तर त्यांचं खोटं खरं ठरणार होतं, आणि रंगरावांची इभ्रतही राहणार होती. हे त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “नाही हललं. तो मेलाच होता. तुम्ही पहिल्यांदा बघितलंत तेच खरं होतं. नवनाथला तुम्ही एकही चुकीचं सांगितलं नव्हतंत. डोळे असून चुकलो तो मी.”

रुक्मिणीबाई तिथेच चौकटीपाशी खाली बसल्या. इतके दिवस त्या चोरट्यासारख्या रडत होत्या. आता मोकळ्या आवाजात रडल्या. दिग्विजय त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि त्याने आईचा हात हातात घेतला.

रंगरावांनी बारावी वही मागितली. खिशात दोन पेनं होती, एक हिरवं, एक लाल. कंपनी सुटली तरी ती सवय सुटली नव्हती. ‘तो मेला आणि सुखाने मेला’ हे नवनाथचं मत आधीच्या पानावर होतं. त्याच्या तळाशी त्यांनी हिरवी खूण केली. शेवटच्या पानावर, ‘रंग्या बरोबर’ या शब्दांशेजारी, लाल खूण केली. मग खाली लिहिलं, ‘फेरतपासणी केली. बोट हललं नाही, पडद्याची सावली हलली. नवनाथ बरोबर. रंगराव चूक. चहा माझ्याकडून.’ त्याखाली सही केली आणि तारीख घातली.

भिंतीवर नवनाथचा हार घातलेला फोटो होता. त्याखालच्या फळीवर, निरांजनाशेजारी, त्यांनी ते पान उघडून वही टेकवून ठेवली. हात जोडले. आणि जायला वळले.

“भावजी,” रुक्मिणीबाईंनी मागून हाक मारली. “तशी नका ठेवू. मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांना कुठं दिसायलंय?”

रंगराव परत फिरले. वही उचलून फोटोसमोर उभे राहिले, आणि घसा खाकरून पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.